एक कागद, ८७ लाख ठिपके : स्कॅनरची आणि तो बनवणाऱ्या एका कंपनीची गोष्ट



शाळेच्या कार्यालयात बसणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव असेल. एखादे आजोबा येतात आणि विचारतात, "गुरुजी, माझा चौथीचा दाखला मिळेल का?" नातवाच्या जात पडताळणीसाठी तो हवा असतो. मग कपाटातून जुनं जनरल रजिस्टर निघतं. पानं पिवळी, कडा झिजलेल्या, शाई फिकी. त्यातल्या एका ओळीवर नातवाचं काम अडलेलं असतं. अशा वेळी कोणीतरी म्हणतंच, "सर, हे सगळं एकदा स्कॅन करून ठेवा ना!"

म्हणणं बरोबर आहे. पण स्कॅन करणं म्हणजे नेमकं काय, आणि त्यावर किती विसंबायचं, हे आपल्याला माहीत असायला हवं. म्हणून आज स्कॅनरची गोष्ट.

पहिला स्कॅन

१९५७ साली अमेरिकेतल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेत रसेल किर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाला चित्र 'दाखवणारं' यंत्र तयार केलं. फोटो एका फिरत्या नळकांड्यावर लावायचा आणि त्याचा एकेक ठिपका वाचायचा, अशी पद्धत. पहिला फोटो होता किर्श यांच्या तान्ह्या मुलाचा, वॉल्डनचा. त्यात १७६ × १७६, म्हणजे ३०,९७६ ठिपके होते. चित्राचे ठिपके करायचे आणि प्रत्येक ठिपक्याला आकडा द्यायचा, हे तत्त्व आजही तेच आहे.

जपानमधली एक कंपनी

आता कागदपत्रांच्या स्कॅनरकडे येऊ. यासाठी पीएफयू या जपानी कंपनीचं उदाहरण घेऊ. जपानच्या इशिकावा प्रांतात उनोके नावाचं एक गाव होतं. आज ते काहोकू शहरात येतं. तिथे १९६० साली लहान संगणक बनवणारी कंपनी सुरू झाली. पुढे तिचं नाव युझॅक झालं. १९८७ साली युझॅक आणि पॅनाफॅकॉम या दोन कंपन्या एकत्र आल्या. पॅनाफॅकॉमचा 'पी', फुजित्सूचा 'एफ' आणि युझॅकचा 'यू' मिळून नाव झालं पीएफयू. ही कंपनी फुजित्सू समूहातली, म्हणून तिचे स्कॅनर बरीच वर्षं 'फुजित्सू' नावाने विकले गेले.

बँका आणि विमा कंपन्यांना रोज ढीगभर कागद स्कॅन करावे लागतात. त्यांच्यासाठी कंपनीची 'एफआय' मालिका होती. पण घरात किंवा छोट्या कार्यालयात एवढं मोठं यंत्र कोण घेणार? म्हणून २००१ साली 'स्कॅनस्नॅप' आला. टेबलावर मावणारा. कागद ठेवा, एक बटण दाबा, दोन्ही बाजू एकाच वेळी स्कॅन होऊन पीडीएफ तयार! यात खरी प्रगती ही की माणसाला करावं लागणारं काम कमी झालं. २०२२ साली रिको या जपानी कंपनीने पीएफयूचा ८० टक्के हिस्सा घेतला, आणि त्यानंतर हे स्कॅनर रिकोच्या नावाने येऊ लागले.

आत काय चालतं?

सगळ्यात अवघड काम कोणतं असेल? वाचणं? नाही, गठ्ठ्यातून एकच कागद उचलणं! उत्तरपत्रिका मोजताना दोन पानं चिकटून येतात ना, तसंच. स्कॅनरमध्ये एक रोलर कागद आत ओढतो आणि समोरचा दुसरा रोलर खालच्या कागदांना मागे अडवून धरतो. तरीही दोन कागद एकदम गेलेच तर? त्यासाठी चांगल्या स्कॅनरमध्ये अतिध्वनी सोडला जातो, म्हणजे आपल्याला ऐकू न येणारा आवाज. कागद एकच असेल तर तो बऱ्यापैकी पलीकडे पोचतो. दोन असतील तर मधल्या हवेच्या पातळ थरामुळे खूपच क्षीण होतो. यंत्र लगेच थांबतं. नाहीतर एक पान गुपचूप गाळलं जाईल आणि कोणाला कळणारही नाही.

वाचण्याचं काम सेन्सर करतो. सीसीडी प्रकारात आरसे आणि भिंगातून पानाची प्रतिमा छोट्या सेन्सरवर पडते. त्यामुळे कागद थोडा चुरगळलेला असला तरी चालतं. सीआयएस प्रकारात सेन्सर कागदाएवढा रुंद आणि अगदी जवळ असतो. यंत्र आटोपशीर होतं, वीज कमी लागते, पण कागद सपाट लागतो.

आता थोडं गणित. ३०० डीपीआय म्हणजे एका इंचात ३०० ठिपके. ए४ कागद साधारण ८.२७ × ११.६९ इंच. म्हणजे २,४८० × ३,५०८, जवळपास ८७ लाख ठिपके. रंगीत स्कॅनमध्ये प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट, म्हणजे एका पानाचे सुमारे २६ एमबी! डीपीआय दुप्पट केला तर फाइल दुप्पट नाही, चौपट होते. क्षेत्रफळाच्या पाठाला हे उदाहरण नक्की वापरा.

इथेच जरा थांबा

एवढी मोठी फाइल कोणालाच नको असते, म्हणून यंत्र ती दाबून लहान करतं. या दाबण्यातच धोका आहे. २०१३ साली जर्मनीतले संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रिझेल यांना एका घराच्या आराखड्याच्या स्कॅनमध्ये विचित्र गोष्ट दिसली. तीन खोल्यांची क्षेत्रफळं वेगवेगळी होती, पण स्कॅनमध्ये तिन्ही १४.१३ चौरस मीटर! यंत्र होतं झेरॉक्स कंपनीचं. हो, तीच कंपनी, जिच्या नावाने आपण 'दोन झेरॉक्स काढून आण' म्हणतो.

झालं असं की, जागा वाचवण्यासाठी यंत्र सारख्या दिसणाऱ्या आकृत्या एकदाच साठवायचं आणि तीच आकृती सगळीकडे चिकटवायचं. बारीक अक्षरात ६ आणि ८ त्याला सारखेच वाटले. आकडा पुसट नव्हता. स्वच्छ होता, पण चुकीचा होता! पुढे कंपनीने सॉफ्टवेअर दुरुस्त केलं.

विचार करा, रजिस्टरमधल्या जन्मतारखेचं असं झालं तर?

मग आपण काय करायचं?

१. जुनी रजिस्टरं सुटी करून रोलरच्या स्कॅनरमध्ये घालू नका. बांधलेल्या वह्यांसाठी वरून फोटो घेणारे स्कॅनर असतात. पीएफयूनेही २०१३ साली असा एक आणला. नाहीतर चांगल्या उजेडात, वर सरळ धरलेला मोबाइलही चालतो.

२. किमान ३०० डीपीआय आणि रंगीत ठेवा. फिकी शाई काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये हरवते.

३. स्कॅन झाल्यावर पानं मोजा. नावं, तारखा आणि आकडे मूळ पानाशी ताडून बघा.

४. फाइल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. आणि स्कॅन झालं म्हणून मूळ रजिस्टर रद्दीत टाकू नका.

वर्गासाठी एक सोपा उपक्रम : मुलांना चौकटीच्या कागदावर १० × १० घरांत 'क्ष' काढायला सांगा. घर पूर्ण भरायचं किंवा पूर्ण रिकामं ठेवायचं. मग तेच २० × २० घरांत. डीपीआय म्हणजे काय, हे वेगळं शिकवावं लागणार नाही.

स्कॅनर पान जपतो, पण ते बरोबर उतरलं की नाही हे आपल्यालाच बघावं लागतं. पुढचे आजोबा दाखला मागायला येतील, तेव्हा ती ओळ पटकन सापडावी आणि ती खरीही असावी, एवढीच काळजी घेऊ या.