मेणबत्तीची टोपी

दिवा तोंडाने फुंकून विझवू नये, अशी शिकवण आपल्या घराघरांतून दिली जाते. दिवा ‘विझला’ असेही आपण सहसा म्हणत नाही. तो ‘मालवला’ किंवा ‘शांत झाला’ असे म्हणतो. युरोपातही पूर्वी मेणबत्ती फुंकण्याचे टाळीत. मात्र तेथील कारण व्यवहाराचे होते. चरबीची मेणबत्ती फुंकली की कढत थेंब उडत आणि वातीचा उग्र धूर खोलीभर पसरे. म्हणून शमादानाच्या जोडीला शंकूच्या आकाराची एक लहानशी पोकळ टोपी ठेवलेली असे. ती ज्योतीवर धरली की हवा तुटे आणि ज्योत शांत होई.

या शंकूला कारागिरांनी मनुष्यरूप दिले. पायघोळ झगा घातलेली आकृती खालून पोकळ केली की टोपी तयार! इंग्लंडात वूस्टरच्या कारखान्याने एकोणिसाव्या शतकात चिनीमातीचे साधू, जोगिणी, तसेच विनोदी पंच यांच्या आकृती अशा रीतीने घडविल्या. पाहणाऱ्यांची करमणूक होई. परंतु जो ज्योतीवर बसतो तो प्रकाश मालवतो, हा अर्थ त्या वस्तूत मूळचाच होता; आणि राजकीय उपहास करणाऱ्यांच्या तो ध्यानी येण्यास वेळ लागला नाही.

फ्रान्समध्ये अठराव्या शतकातील विचारवंतांच्या चळवळीला ‘प्रकाश’ हेच नाव पडले होते. 1814 मध्ये नेपोलियनचे राज्य गेले व जुने राजघराणे परतले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पॅरिसमध्ये ‘पिवळा बुटका’ अशा अर्थाच्या नावाचे एक उपहासपत्र निघू लागले. विद्या आणि स्वतंत्र विचार यांचे ज्यांना वावडे, अशा मंडळींसाठी या पत्राने ‘मेणबत्तीच्या टोपीचे सरदार’ हा मानाचा काल्पनिक संप्रदाय काढला. व्यंगचित्रांत सरदार-दरकदारांच्या मस्तकांवर हीच टोपी दिसू लागली. ज्याला अक्षरओळख नव्हती त्यालाही हा विनोद कळे. कारण ती वस्तू त्याच्या रोजच्या परिचयाची होती. 1815 च्या जुलैत ते पत्र बंद पडले.

1830 च्या क्रांतीनंतर लुई फिलिप राजा झाला. नियंत्रण पुन्हा कधीही आणले जाणार नाही, असे नव्या सनदेने लिहून दिले होते. त्या भरवशावर शार्ल फिलिपाँ याने व्यंगचित्रांचे साप्ताहिक काढले. 1831 मध्ये त्याच्यावर खटला झाला, तेव्हा राजाचे मुख पायरीपायरीने नासपतीच्या फळात कसे पालटते, हे त्याने न्यायालयात रेखाटून दाखविले. त्याला कारावास व दंड झाला. पण नासपती भिंतीभिंतीवर उमटली. त्याचा सहकारी ओनोरे दोमिए यालाही 1832 मध्ये एका चित्रापायी तुरुंगात जावे लागले. याच दोमिएने त्या सुमारास मंत्री व प्रतिनिधी यांचे विडंबन करणारी, जेमतेम वीतभर उंचीची मातीची मस्तके घडविली. ती भाजलेलीही नव्हती. केवळ रंगविलेली होती.

28 जुलै 1835 रोजी राजावर भर रस्त्यात हल्ला झाला. राजा वाचला, परंतु अठरा माणसे मृत्युमुखी पडली. या भयाचा आधार घेऊन सप्टेंबरात कायदा झाला, की कोणतेही चित्र, पदक वा प्रतीक पूर्वपरवानगीवाचून प्रसिद्ध करता येणार नाही. सनदेचे अभिवचन केवळ शब्दांपुरते आहे, चित्र ही कृती होय, असा युक्तिवाद मंत्र्यांनी केला. भय खरे होते, यात शंका नाही. पण हल्ला करणारे हात निराळे होते आणि चित्र काढणारे निराळे. कायद्याची टोपी मात्र दोघांवरही पडली.

1848 मध्ये लुई फिलिपचे राज्य गेले. पुढे विणलेल्या वातीच्या चांगल्या मेणबत्त्या आल्या, वायूचे दिवे आले, वीज आली; टोपीचे कामच उरले नाही आणि ती हौशी संग्राहकांच्या कपाटात जाऊन बसली. दोमिएची ती कच्च्या मातीची मस्तके मात्र फिलिपाँच्या घराण्याने जपली. त्यांतील 36 आज पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहेत. त्यांतील कित्येक मंत्र्यांची व प्रतिनिधींची कारकीर्द आता कोणी आठवीत नाही. त्यांचे चेहरे तेवढे राहिले आहेत, आणि तेही, ज्याच्या कलेवर त्यांच्या राजवटीने टोपी घातली, त्या कलावंताच्या हातचे.