भाग 23 : "कापताना दिसलं नाही का त्यांना?"

मागच्या वर्षी माझ्या मावशीच्या स्तनातली कॅन्सरची गाठ काढली. दहा दिवसांनी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला: काढलेल्या तुकड्याच्या कडेला कॅन्सरच्या पेशी आहेत. म्हणजे परत ऑपरेशन. मावशी म्हणाली, "अगं, कापताना दिसलं नाही का त्यांना?" आजचा भाग याच प्रश्नावर.

नुसत्या डोळ्यांना खरंच दिसत नाही. पण फरक असतो, आणि त्यातला काही पेशीच्या आवरणात असतो.

हे आवरण म्हणजे फॉस्फोलिपिड नावाच्या स्निग्ध रेणूंचा दुहेरी थर. जाडी जेमतेम 5 नॅनोमीटर. प्रत्येक रेणूला पाण्याकडे ओढलं जाणारं एक डोकं आणि पाणी टाळणाऱ्या दोन शेपट्या. या शेपट्या म्हणजे फॅटी ॲसिड.

गाठीतल्या पेशी सतत विभागतात, आणि दर वेळी नवं आवरण लागतं. आपल्या बहुतेक पेशी रक्तातून आलेली फॅटी ॲसिड वापरतात. स्तनाच्या अनेक गाठी मात्र ती घरीच बनवतात. त्यासाठी लागणारं फॅटी ॲसिड सिंथेस हे एन्झाइम त्यांच्यात वाढलेलं असतं.

या घरगुती शेपट्या मुख्यतः संतृप्त किंवा एकाच दुहेरी बंधाच्या असतात. स्वयंपाकघरात बघा ना! तुपात सरळ, संतृप्त शेपट्या जास्त, त्या दाटीने बसतात, म्हणून तूप थिजतं. सूर्यफुलाच्या तेलात वाकड्या शेपट्या जास्त, म्हणून ते वाहतं. शिवाय सरळ शेपट्यांना ऑक्सिडेशनचा मार कमी बसतो. गाठीच्या पेशी चिवट होण्यामागे हेही एक कारण.

मग तूप बंद करायचं का? थांबा! गाठ या शेपट्या बऱ्याच अंशी ग्लुकोजपासून बनवते. तूप खावं की नाही, हे यावरून ठरत नाही.

आता मावशीचा प्रश्न. शस्त्रक्रियेत विजेवर चालणारी सुरी वापरतात, तेव्हा धूर निघतो. त्या धुरात आवरणाचे लिपिड असतात. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधले झोल्टान ताकाट्स यांनी तो धूर थेट मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये सोडला. 2013 मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं, की ऊती कॅन्सरची आहे की नाही, हे काही सेकंदांत कळू शकतं. पुढे स्तनाच्या ऊतींवरही याची चाचणी झाली.

सगळीकडच्या ऑपरेशन थिएटरात हे अजून पोचलेलं नाही. मावशीला दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागलंच. आता ती बरी आहे. हे सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे दिसत नाही, पण धुराला कळतं!"

अगदी तेच. भेटू पुढच्या भागात.