गाठीचे खाद्य आणि माणसाचे अन्न

घरात कर्करोगाचे निदान झाले की सल्ल्यांचा ओघ सुरू होतो, आणि त्यांत हल्ली पहिला मान साखरेचा असतो. ‘साखर म्हणजे कर्करोगाचे खाद्य, ती तोडा, गाठ उपासमारीने मरेल,’ असे कोणीतरी मोठ्या खात्रीने सांगून जाते. इंदूरला आमच्या घरीही हेच घडले. थोरल्या वहिनींना स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रियेपूर्वी गाठ लहान व्हावी म्हणून केमोथेरपी सुरू झाली आणि त्याच दिवशी दादांनी साखरेचा डबा फडताळातून हलवला. पुढे गूळ गेला, फळे गेली, अखेर भात आणि पोळीही. तोंडाची चव गेलेल्या वहिनींना एका शिऱ्याची तेवढी इच्छा होई. नेमका तोच वर्ज्य! दोन महिन्यांत वजन ५२ किलोंवरून ४४ वर आले आणि अशक्तपणामुळे औषधाचा पुढचा डोस लांबणीवर टाकावा लागला.

दादांचा समज अगदीच निराधार होता असे नाही. १९२० नंतरच्या दशकात बर्लिन येथे ओटो वारबुर्ग या शास्त्रज्ञास आढळले की, कर्कपेशी ग्लुकोज फार मोठ्या प्रमाणात ओढून घेतात आणि प्राणवायू उपलब्ध असतानाही त्याचे दुग्धाम्ल करतात. दूध विरजले की जे आम्ल तयार होते, तेच हे. वारबुर्ग यांना १९३१ साली नोबेल पारितोषिक मिळाले (ते मात्र पेशींच्या श्वसनावरील संशोधनासाठी, कर्करोगासाठी नव्हे). पेशीचे श्वसन बिघडणे हेच कर्करोगाचे मूळ, असे त्यांचे मत होते. पुढे मूळ बिघाड जनुकांतील असल्याचे दिसून आले. वारबुर्ग यांचे निरीक्षण मात्र टिकले. आजची पेट तपासणी त्यावरच उभी आहे. किरणोत्सर्गी खूण जोडलेले ग्लुकोजसारखे द्रव्य शिरेतून देतात आणि जेथे ते अधिक साठते ती जागा चित्रात उजळते. मात्र मेंदूही उजळतो, कारण त्यालाही ग्लुकोज हवेच असते.

घोटाळा होतो तो पुढच्या पायरीवर. ताटातली साखर थेट गाठीत जात नाही. निरोगी माणसाच्या साऱ्या रक्तात मिळून जेमतेम चमचाभर, सुमारे ५ ग्रॅम, ग्लुकोज असते आणि शरीर ते प्रमाण कसोशीने सांभाळते. साखर, भात, पोळी सारे बंद केले तरी यकृत प्रथिनांपासून ग्लुकोज तयार करते, आणि ही प्रथिने आहारातून पुरेशी आली नाहीत तर स्नायूंतून काढली जातात. गाठीला तिचा वाटा मिळतच राहतो. झिजतो तो रोगी. वहिनींचे तेच झाले होते.

म्हणून साखर निर्दोष ठरते काय? मुळीच नाही, तिचा मार्ग आडवळणाचा आहे, इतकेच. अतिरिक्त साखरेने वजन वाढते, आणि २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लठ्ठपणाचा संबंध १३ प्रकारच्या कर्करोगांशी जोडला. त्यांत ऋतुनिवृत्तीनंतरचा स्तनाचा कर्करोग आहे, मोठ्या आतड्याचा आहे, गर्भाशयाच्या अस्तराचाही आहे. चरबीतून स्त्री-संप्रेरक निर्माण होते, रक्तातील इन्सुलिन वाढते, आणि पेशींच्या वाढीला चिथावणी मिळते. वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून कमी असावी, असे २०१५ पासून ही संघटना सांगते. म्हणजे साधारण ५० ग्रॅम. त्याच्या निम्मी असेल तर उत्तमच. पोहे-जिलबीने दिवस उजाडणाऱ्या आम्हा इंदूरकरांना हा हिशेब जड जाईल, आणि गूळ व मध यांनाही त्यातून सूट नाही. पण हे पथ्य धडधाकट असताना, वर्षानुवर्षे पाळायचे. उपचार चालू असलेल्या, वजन घटत असलेल्या माणसाची गोष्ट निराळी. मधुमेह असल्यास अर्थात डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

वजनाचा आकडा पाहून डॉक्टरांनी वहिनींना विचारले, “घरी काय खाता?” वहिनींनी दादांकडे पाहिले. सारे ऐकून घेतल्यावर डॉक्टर एवढेच म्हणाले, “अहो, उपाशी गाठ राहात नाही; ह्या राहतात. दूध, अंडी, डाळी, भात, जे जाईल ते द्या. शिरासुद्धा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी स्वतः रवा भाजला, थोडा करपलाच. वहिनींनी वाटीतला निम्मा शिरा संपवला आणि लिंबाचे लोणचे मागितले. पुढच्या खेपेला काट्यावर सव्वा किलो जास्त भरले. दादांनी तो आकडा स्वयंपाकघरातील कालनिर्णयाच्या चौकोनात लिहून ठेवला.