बॉयलरचं पोलाद थकलंय, हे ओळखतात कसं?

२५ वर्षं चाललेला बॉयलर बाहेरून ठणठणीत दिसतो. तरी भारतीय बॉयलर नियमांनुसार या वयाला त्याच्या उरलेल्या आयुष्याची खास तपासणी होते. अतितप्त वाफ झेलणाऱ्या भागांचा हिशेब तर तासांत असतो: १,००,००० तास.

आधी अल्ट्रासॉनिक प्रोबने जाडी मोजतात. २००१ मध्ये अमेरिकेत, ओहायोतल्या मेदिना इथे जुन्या वाफेच्या इंजिनाचा बॉयलर फुटून पाच जण दगावले. भट्टीवरचा पत्रा झिजून पातळ झाला होता. ही मोजणी कधीच टाळू नये.

पण जाडी भरली म्हणजे पोलाद धडधाकट, असं नव्हे. खरी कमाल पुढे आहे. हेडरवरचा, म्हणजे नळ्यांना जोडणाऱ्या जाड पाइपवरचा, रुपयाएवढा भाग घासून लख्ख करतात, त्यावर अल्कोहोलमधलं सौम्य नायट्रिक आम्ल फिरवतात. मग अॅसिटोनने मऊ केलेली पातळ फिल्म दाबून बसवायची, वाळली की अलगद सोलायची. पोलादाच्या कणरचनेचा ठसाच हाती येतो!

सूक्ष्मदर्शकाखाली कार्बाइडच्या पट्ट्या तुटून गोल झालेल्या दिसल्या, तर उष्णतेने पोलादाची ताकद घटली आहे. कणांच्या सीमांवर सुट्या पोकळ्या दिसल्या, तर पुढची तपासणी लवकर ठेवतात. त्या जुळून भेगा पडू लागल्या असतील, तर दुरुस्ती नाहीतर बदली.