फळी कोणत्या वाटेवर चालणार, हे आधी विचारा
इलेक्ट्रिक स्केटबोर्डच्या जोडणीतील हिशेब

‘इलेक्ट्रिक स्केटबोर्ड’ म्हटले की आपले बरेच बांधव हसून विषय सोडून देतात. चार चाकांची फळी, खाली मोटार व बॅटरी, हातात रिमोट. यात धंदा तो कसला, असे त्यांना वाटते. पण अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया या देशांत अशा फळ्या केवळ कंपन्याच बनवीत नाहीत. सुटा माल आणून घरच्या गॅरेजमध्ये एकेक नग जुळविणारे कारागीरही तेथे आहेत. लेथ, मोटार वाइंडिंग किंवा बॅटरीचे काम ज्यांच्या हातात आहे, त्यांनी या कामातील हिशेब समजून घेण्यासारखा आहे.

या फळ्यांच्या मुख्य जाती दोन. पहिली रस्त्याची. शरीराचा भार एकदा या कडेवर, एकदा त्या कडेवर टाकून डांबरी रस्त्यावर लांब वळणे घेत जायचे, याला ‘कार्व्हिंग’ म्हणतात. ही चाल समुद्राच्या लाटांवर फळी चालविणाऱ्यांकडून आली. 1970 च्या दशकात अमेरिकेत पॉलियुरेथेनची चाके आली, चाकांची पकड वाढली आणि अशी वळणे सुखाने घेता येऊ लागली. दुसरी जात माळरानाची. गवत, माती, खडी आणि डोंगरवाटा यांसाठी 1990 च्या दशकात ‘माउंटनबोर्ड’ नावाची हवेच्या टायरची फळी पुढे आली. तिलाच पुढे मोटार बसली.

दोन्हींत मोटार एकाच प्रकारची, म्हणजे ब्रशलेस, आणि सेलही त्याच लिथियम-आयनच्या जातीचे. मग फरक कोठे आहे? आमच्या मते सगळा फरक वाटेत आहे, आणि वाट चाकापासून सुरू होते.

रस्त्याच्या फळीचे चाक साधारण 90 मिलिमीटरचे, भरीव पॉलियुरेथेनचे असते. माळरानाचे चाक 150 ते 200 मिलिमीटरचे, टायर-ट्यूबचे असते. आता एक हिशेब पाहा. 10 सेल एकापुढे एक जोडलेली 36 व्होल्टची बॅटरी आहे आणि मोटार एका व्होल्टला 190 फेरे देणारी आहे. मोटारीचे मिनिटाला 6840 फेरे झाले. मोटारीवर 15 दात्यांची आणि चाकावर 36 दात्यांची पुली घातली, तर चाकाचे फेरे 2850 होतात. 90 मिलिमीटरच्या चाकावर हा वेग ताशी सुमारे 48 किलोमीटर येतो. हा वेग बिनभाराचा. माणूस उभा राहिला की तो कमी होतो.

याच पुलीवर कोणी 200 मिलिमीटरचे चाक चढविले, तर कागदावर वेग ताशी 107 किलोमीटर दिसतो. पण जमिनीवर लागणारा जोर पूर्वीच्या 45 टक्केच उरतो. चढावर मोटार गुदमरते, तापते आणि अखेर वाइंडिंग जळते. पहिलाच वेग व जोर हवा असेल, तर चाकाची पुली 80 दात्यांची लागेल. थोडा जोर सोडून 66 दात्यांचीही चालते. मालेगाव-भिवंडीच्या लूम कामगारांना हे शिकवावे लागत नाही. पुली बदलली की चाल बदलते, हे ते रोज पाहतात. काही कंपन्या एकाच फळीला दोन्ही चाकांचे संच देतात, पण त्यासोबत पुली व पट्टाही वेगळा देतात, तो याचसाठी.

चाकानंतर फळी आणि एक्सल. कार्व्हिंगवाल्याला लवचीक फळी आवडते, बांबूची असेल तर अधिकच. त्याच्या एक्सलमध्ये रबरी बुश असतात. बुश नरम की कडक, हे ग्राहकाच्या वजनावर ठरवावे. माळरानाच्या फळीला बहुधा स्प्रिंगचे एक्सल आणि पाय अडकविण्याचे पट्टे असतात, कारण खड्ड्यात पाय उडाला तर माणूसच उडतो.

बॅटरीच्या कामात कारागिराची खरी परीक्षा असते. लवचीक फळीखाली ताठ बॅटरी बसविली, तर प्रत्येक वळणाला निकेलची पट्टी वाकते, स्पॉट वेल्डिंग सुटते आणि शॉर्ट होऊन आग लागू शकते. म्हणून सेलचे गट वेगळे ठेवून ते नरम सिलिकॉन वायरने जोडतात आणि मध्ये फायबर कागद घालतात. माळरानाच्या फळीला धूळ, पाणी व हादरे सोसणारी बंद पेटी हवी. खर्चही वेगळा आहे. 3000 मिलिअँपिअर-तासाचे 40 सेल म्हणजे सुमारे 432 वॉट-तास. रस्त्यावर किलोमीटरला 10 ते 12 वॉट-तास लागतात. मातीत त्याच्या दुप्पट किंवा अधिकही लागतात. म्हणजे जी बॅटरी रस्त्यावर 35 किलोमीटर जाते, ती माळावर 20 किलोमीटरही जाईलच असे नाही. ग्राहकाला रस्त्याचा आकडा सांगून माळरानाची फळी विकणे ही फसवणूक आहे.

ब्रेकची गोष्ट तर जिवाची आहे. या फळीला ब्रेक मोटारच लावते आणि ती शक्ती परत बॅटरीत जाते. बॅटरी काठोकाठ भरलेली असताना डोंगर उतरू लागलात, तर ती शक्ती घ्यायला जागा नसते आणि ब्रेक सुटू शकतो. माळावर पुलीत खडा अडकून पट्टा तुटला, तरी त्या चाकाचा ब्रेक गेलाच. माल देताना ही सूचना तोंडी द्यावी आणि लेखीही द्यावी.

कायदाही वाट पाहूनच बोलतो. कॅलिफोर्नियात 2016 पासून 16 वर्षांवरील माणसाला हेल्मेट घालून ताशी 15 मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे 24 किलोमीटरपर्यंत, ही फळी चालविता येते. ब्रिटनमध्ये ती सार्वजनिक रस्त्यावर व फुटपाथवर चालविणे बेकायदा असून खाजगी जागेत मालकाच्या परवानगीनेच चालते. तेथील ग्राहकाला ताशी 48 किलोमीटरची रस्त्याची फळी देऊन काय उपयोग?

छोट्या कारागिराला यात जागा आहे का? आहे, असे आम्हांस वाटते. कॅलिफोर्नियाची ‘बूस्टेड’ ही रस्त्याच्या फळ्यांची नामांकित कंपनी 2020 मध्ये बंद पडली. कंपनी गेली, फळ्या मात्र लोकांच्या घरी राहिल्या. त्यांच्या बॅटऱ्या व पट्टे बदलण्याचे काम बाहेरच्या छोट्या दुरुस्तीवाल्यांकडे आले. स्वीडनचे बेंजामिन वेडर यांनी स्पीड कंट्रोलरचा आराखडा सर्वांसाठी खुला केल्यामुळे जोडणी करणाऱ्यांना एकाच कंपनीच्या दारात उभे राहावे लागत नाही.

तेव्हा बांधवांनी एवढे ध्यानात ठेवावे. ग्राहक आला की मोटार किती मोठी आणि वेग किती, हे नंतर विचारा. आधी विचारा, ‘फळी चालणार कोठे, आणि उभा राहणाऱ्याचे वजन किती?’ या दोन उत्तरांवर चाक, पुली, एक्सल, बॅटरी सर्व ठरते. दोन्ही वाटांवर सारखीच चालेल असे सांगून एकच फळी गळ्यात मारणाऱ्याकडे ग्राहक दुसऱ्यांदा येतो तो भांडायलाच.