सर्वांत मोठा आवाज कोणाचा?

झाशीच्या पूर्वेस, बेतवा आणि धसान या दोन नद्यांच्या दरम्यान, गरौठा हे बुंदेलखंडातील तहसिलीचे गाव आहे. याच तहसिलीतील गुरसराय हे एके काळी खेर या मराठी घराण्याचे ठाणे होते. उन्हाने भाजून निघालेल्या या प्रदेशावर आषाढाची पहिली मोठी सर कोसळली, की रात्रीची शांतता नाहीशी होते. डबक्याडबक्यांतून बेडकांचा गजर सुरू होतो आणि पहाटे मोरांचा केकारव उठतो. पाणथळ जागी सारसांची जोडी असली, तर तिचा तुतारीसारखा स्वर या साऱ्यांवर मात करतो. ओंजळीत मावणाऱ्या बेडकाला एवढा आवाज येतो तरी कोठून?

वीणेला जसा भोपळा, तसा नर बेडकाला स्वरकोश. तोंड मिटून तो फुप्फुसातील हवा या कोशात खेळवितो, आणि फुगलेल्या कोशाच्या पातळ त्वचेतून आवाज बाहेर फाकतो. सारसाची युक्ती निराळी आहे. सुमारे सहा फूट उंचीच्या या पक्ष्याची श्वासनलिका मानेतच संपत नाही. ती छातीच्या हाडात शिरून वेटाळे घेते. त्यामुळे हाडही निनादू लागते. सिकाडा नावाच्या किड्याला तर कंठच नाही. नराच्या पोटाच्या दोन्ही बाजूंस पन्हळींचे पातळ पडदे असतात. स्नायूंच्या ओढीने ते सेकंदाला शेकडो वेळा आतबाहेर होतात आणि पोकळ पोट तो नाद वाढविते.

आवाजाची तीव्रता डेसिबल या मापाने सांगतात. या मापात दहाची वाढ म्हणजे तीव्रतेत दहापट वाढ होय. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील पांढऱ्या घंटापक्ष्याचा आवाज १२५ डेसिबलपर्यंत जातो, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. पक्ष्यांत याहून मोठा आवाज नोंदलेला नाही. समुद्रातील स्पर्म व्हेलच्या टकटकीची नोंद मात्र सुमारे २३० डेसिबल आहे. परंतु हे दोन आकडे शेजारी मांडून चालत नाही. पाण्यातील मोजणीचे मूळ परिमाण वेगळे असते, म्हणून हवेशी तुलना करताना सुमारे ६२ वजा करावे लागतात. तरीही पहिला मान व्हेलचाच राहतो. टिचकी मारणारी इवलीशी कोळंबीही येथे मागे नाही. तिची नांगी मिटताच पाण्याचा झोत उसळून एक बुडबुडा तयार होतो. तो फुटतो तेव्हा कडाडणारा आवाज निघतो.

एवढा खटाटोप कशासाठी? मोठ्या आवाजाला शक्ती खर्ची पडते, शिवाय शत्रूलाही ठावठिकाणा कळतो. तरीही जोडीदार मिळविणे आणि आपली हद्द राखणे, या दोन गरजांपुढे प्राणी हा धोका पत्करतात. सारसाची जोडी तर मिळूनच गाते. नराच्या एका हाकेला मादी बहुधा दोन हाकांनी साथ देते आणि ही जागा राखलेली आहे, हे शेजाऱ्यांना कळते.

उत्तर प्रदेशाने सारसाला राज्यपक्षी मानले आहे आणि भारतातील बहुतेक सारस तेथेच आहेत. महाराष्ट्रात मात्र हा स्वर आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्याच्या भातखाचरांत आणि तलावांच्या काठी उरला आहे. पाणथळ जागा आटत चालल्या, शेतात कीटकनाशके आली आणि डोक्यावर विजेच्या तारा आल्या. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या पक्ष्याच्या रक्षणाचा प्रश्न आपणहून हाती घेतला.

दूरवर पोहोचणारा आवाज निसर्गाने सारसाला दिला, पण तो ऐकावयास दुसरा सारस हवा. तारेला आदळून जोडीतील एक पक्षी पडला, तर ते युगुलगान तेथेच थांबते. तलावाचा काठ आणि खाचरातील ओल राखली, तरच ही हाक आणि तिचे उत्तर दोन्ही पुढच्या पिढीच्या कानी पडतील.