ब्लिचिंग आणि अ‍ॅसिड एकत्र करू नका

मीठ पाण्यात विरघळते. ते पाणी उकळून आटवले की मीठ भांड्याच्या तळाशी पुन्हा मिळते. हा भौतिक बदल. पदार्थ तोच राहतो. पण दोन पदार्थ मिसळून नवाच पदार्थ तयार झाला, तर तो रासायनिक बदल. शाळेत शिकलेला हा फरक विसरला, तर संडास घासताना जिवावर बेतू शकते.

"दोन्ही टाकले की डाग लवकर निघतो," असे घरकाम करणाऱ्या भगिनी सांगतात. पण ब्लिचिंग पावडरवर अ‍ॅसिड किंवा अ‍ॅसिड असलेला टॉयलेट क्लीनर पडला, की क्लोरीन वायू निघतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, बेल्जियममधील ईप्र येथे हाच वायू सैनिकांवर सोडला होता. तो हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड, त्यामुळे खाली साचतो. वाकून घासणारीच्या नाकातोंडात आधी जातो. डोळे, घसा, फुफ्फुसे यांतल्या ओलाव्यात त्याचे आम्ल बनते. डोळे चुरचुरतात, खोकला येतो, दम लागतो.

असे झाल्यास काम टाकून मोकळ्या हवेत या. डोळे साध्या पाण्याने १५ मिनिटे धुवा. दम लागला, छाती आवळली तर लगेच दवाखान्यात जा. त्रास काही तासांनी वाढूही शकतो. रात्री एकटे झोपू नका.

एका वेळी एकच वस्तू वापरा. भरपूर पाणी ओतून ती धुऊन काढा, मगच दुसरी. दार-खिडकी उघडी ठेवा. मालकीणबाई "दोन्ही टाक" म्हणाल्या, तर कारण सांगून ठामपणे नाही म्हणा.